दुरुस्ती पोचवणारे हसनभाई

ये गो बाय, अशी जवळ बस. दारातूनच "चलते मावशी" म्हणतेस, ही कसली रीत? मोजणीचं यंत्र घेऊन जिल्हाभर फिरतेस आणि हसनभाई कोण ते तुला ठाऊक नाही, म्हणजे कमालच.

मांडवीचे हसनभाई बोटीवर वायरलेसवाले होते. नोकरी संपली, पण सवय राहिली. काही सांगितलं की ते समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. चहात साखर कमी टाका म्हणाले आणि मी नुसतं "बरं" म्हटलं, तर चालायचं नाही. "बरं नको, वैनी. काय ऐकलंत ते सांगा." मला आधी रागच यायचा.

तेव्हा मोबाइल नुकते आलेले, आमच्या पाली गावाकडच्या वाडीत रेंज नव्हती. आमची आणि थोरल्या दिरांची आंब्याची कलमं लागून. मधली विहीर कोणाची, यावरून दोन घरांत बोलणं बंद. माझी सगळी बाग त्या पाण्यावर जगलेली. शेवटी दोघा भावांनी मिळून खासगी मोजणीवाले आणले. त्यांचा रेडिओ हसनभाई सांभाळायचे.

तुला हे पाठ असेल, पण मला कळलं तसं सांगते. एक यंत्र वर सड्यावर, उघड्या कातळावरच्या पक्क्या खुणेवर उभं, दुसरं काठीवर बसवून बागेतून फिरणारं. उपग्रहांच्या आकड्यांत चूक किती, ते वरचं खालच्याला रेडिओवरून कळवतं, मग जागा नेमकी सापडते. या कळवण्यालाच ते दुरुस्ती म्हणायचे. पण मध्ये उतार आडवा आला, काही पोचेना. मधे आणखी एक रेडिओ ठेवायला हवा होता. सडाही दिसेल आणि बागही, अशी जागा एकच, जाऊबाईंच्या घरावरचा स्लॅब.

जाऊबाईंनी जिन्याला कडी घातली. हसनभाई वॉकीटॉकीवर "दुरुस्ती पोचली का?" असं विचारताना त्यांनी ऐकलं होतं. आमच्याकडे दुरुस्ती म्हणजे सातबाऱ्यावरची. "माझ्याच डोक्यावर बसून माझी हद्द दुरुस्त करणार? त्या धाकटीने शिकवलंन तुम्हाला."

हसनभाई चिडले नाहीत. ओटीवर बसले, हद्दीला हात लागत नाही, यंत्राची चूक तेवढी काढायची, असं समजावलं. मग म्हणाले, "आता काय ऐकलंत ते सांगा."

"हद्द दुरुस्त करताय."

ते परत पहिल्यापासून. चहा झाला, फणसाचे गरे झाले. शेवटी जाऊबाईच वैतागल्या. "चूक यंत्राची, हद्द आहे तिथेच. झालं समाधान?" आणि कडी काढली.

विहीर त्यांच्या बाजूला निघाली. अख्खी. मी हद्दीच्या दगडी गडग्यापाशी उभी होते, ती खालीच बसले. वर स्लॅबवर जाऊबाई काहीतरी पुटपुटल्या. रेडिओ आवरणाऱ्या हसनभाईंनी वॉकीटॉकी त्यांच्या तोंडापुढे धरला. खाली मोजणीवाल्याच्या हातातल्या डब्यातून आवाज आला, "पाणी घेत जा म्हणावं तिला. पंप मात्र नीट बंद करावा."

मागोमाग हसनभाई. "वैनी, काय ऐकलंत ते सांगा."

मी कसंबसं म्हटलं, "पाणी घेत जा. पंप नीट बंद कर." कित्येक वर्षांनी आम्हा दोघींत झालेलं पहिलं बोलणं, तेही डब्यातून.

पुढे मोजणीच्या यंत्रांत मोबाइलचं कार्ड आलं, रेडिओ मागे पडले. मग हसनभाईही गेले. त्यांच्या घरी भेटायला आम्ही दोघी जावा एकाच रिक्षातून मांडवीला गेलो. जाऊबाईंनी आपल्या झाडाचे नारळ घेतले होते, ते मी मांडीवर धरून बसले.

आता जाऊबाईंकडेही डोकावून जा हो, नाहीतर मला बोलतील. आणि पुढल्या खेपेला असं उभ्याउभ्या नको. लवकर ये, राहायलाच ये.