मेला, एवढंच सांगायचं होतं

आमच्या वॉर्डातल्या तुळशीमावशीच्या आवाजाचं काही विचारू नका. झरी गावची बाई, अठ्ठावीस वर्षं आया. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा "फरशी ओली आहे, दिसत नाय?" म्हणून झापायची. मला तिचा भारी राग यायचा. आता माझा सगळा राग माझ्यावरच आहे.

मी दक्षा, तिथली नर्स. राहते डहाणूला. कॅनडात फ्रेंच बोलतात त्या भागात नोकरी मिळवायची, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर फ्रेंच घोकायचे. त्या दिवशी 'देसेदे' चाललं होतं. म्हणजे निधन पावणं. घरीदारी लोक 'मुरीर' म्हणतात, मरणं. जरा हळुवार सांगायचं तर 'पार्तीर', जाणं. पण ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, हॉस्पिटलच्या संवादात देसेदेच, नाहीतर मार्क गेले.

"कोण मेलं गं? सकाळपासून आपलं देसेदे, देसेदे!" मावशी खेकसली. मी अर्थ सांगितला, तर म्हणाली, "मेल्याला मेला म्हणायला एवढे शब्द? कामधंदा नाय वाटतं त्यांना!"

त्याच दुपारी दहा नंबरच्या कॉटवरचा म्हातारा शुक्रा गेला. त्याची बायको भिकी पेज आणायला बाहेर गेली होती. ती आली तेव्हा डॉक्टर घाईत होते. "पेशंट एक्सपायर झालाय, इथे अंगठा लावा," म्हणाले आणि ओपीडीत पळाले. तिने लावला. कागद पुढे आला की अंगठा लावायचा, आठ दिवसांत आम्ही तिला एवढंच तर शिकवलं होतं!

मग ती डबा घेऊन माझ्याकडे आली. "सिस्टर, पेज गरम करून देशील? उठला का खाईल."

मी म्हटलं, "आजी, त्यांचं निधन झालंय."

"बरं," ती म्हणाली, आणि जाऊन त्याला पदराने वारा घालत बसली. तिला काही कळलेलं नाही, हे मला लख्ख दिसत होतं. तरी मी रजिस्टर भरायला बसले. थोबाडीत मारायला हवी होती मला कोणीतरी!

अर्ध्या तासाने मावशी आली आणि पेटलीच. "हिला सांगितलं नाय कोणी?"

"मी सांगितलं की!"

"काय सांगितलंस? कागद वाचून दाखवलास!"

मावशी फरशीवर फतकल मारून बसली. भिकीचा वारा घालणारा हात तिने धरला. "भिकी, बाय, तुझा शुक्रा मेला गं. मघाशीच मेला."

भिकीने फोडलेला हंबरडा सगळ्या वॉर्डाने ऐकला. मग ती थांबली. मावशीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना? ऊठ, खा, ऊठ म्हणत होते मी त्याला. बोलत नाय म्हणून शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या मी, आणि तू बघत होतीस."