चौथ्या मजल्याचा चार्ज

रायपुरात राहून धुळीशी तह न केलेलं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं, आणि ते नेमकं माझ्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहत होतं. बाकी आम्ही सगळ्यांनी केव्हाच हात टेकले आहेत. उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूनं वारा सुटला की आमच्या गच्चीवर, कठड्यांवर, कुंडीतल्या तुळशीच्या पानांवर काळा, बारीक थर बसतो. अनवाणी दोन पावलं टाकली की तळपाय तव्याच्या बुडासारखे होतात. आम्ही ते पायपुसण्यावर घासतो आणि आत जातो. पांढरा शर्ट घेतानाच तो राखाडी आहे अशी मनाची समजूत घालून घेतो. आमच्या वरच्या सिस्टरांना यातलं काहीही मान्य नव्हतं. सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या दवाखान्यात केली होती, आधी नर्स म्हणून आणि शेवटी मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. या शहरात भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे प्रत्येक बाईला दीदी म्हणतात. यांना कुणी तसं म्हटलं की त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "दीदी आपल्या घरी. मले सिस्टर म्हण." मग भाव केला जायचा.

त्या पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा बसण्याआधी त्यांनी फ्रिजच्या वरून एक बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं आणि माझ्या बायकोकडे रुमाल मागितला. आमच्याकडे फ्रिजचा माथा दिवाळीला पुसायची पद्धत होती. त्या दिवसापासून तो बेल वाजली की पुसला जाऊ लागला. बोलता बोलता दिवाणाची चादर उपसून तिचे कोपरे नव्यानं दुमडायची त्यांना सवय होती, आणि त्या चादर अशी ताणून बसवायच्या की नंतर येणारा पाहुणा टेकला की हळूहळू पुढे सरकत यायचा. गप्पा मारताना त्या समोरच्याचं मनगट हातात घेत. माणसाला वाटायचं, बाईंना माया आली. त्या नाडी मोजत असत. लिफ्ट तळापासून चौथ्यावर जायला जेवढा वेळ घेते तेवढा त्यांना पुरायचा, आणि दार उघडलं की निकाल मिळायचा. पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये शिरले की दोन्ही हात खिशात घालून छताकडे बघत उभे राहत.

पण त्यांचा खरा जीव होता तो 'चार्ज'मध्ये. दवाखान्यात एक पाळी सुटताना दुसऱ्या पाळीला खाटेखाटेपाशी नेऊन सगळं सांगायचं, रजिस्टरवर सह्या करायच्या आणि मगच पाठ फिरवायची, हा त्यांचा धर्म होता. "रिलीव्हर आल्याबिगर ड्यूटी सोडाची नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझ्या खात्यात ते कुणी पाळत नाही याची मला लाज वाटू लागली होती. त्यांनी आमच्या दोन्ही चौकीदारांनाही एक रजिस्टर आणून दिलं. सकाळी एक घरी निघायचा आणि दुसरा यायचा, तेव्हा सिस्टर मध्ये उभ्या राहून चार्ज द्यायला लावायच्या. मोटर चालू आहे, गेटची कडी ढिली आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना खोकला आहे. दिवसाचा चौकीदार अभनपूरकडचा, शांत माणूस. तो प्रत्येक कलमाला "हव सिस्टर, हव सिस्टर" म्हणत असे आणि शेवटी सही करताना जीभ दातात धरत असे.

इथपर्यंत सगळं गोडच होतं. कडू भाग सकाळी सहाला सुरू व्हायचा. त्या वेळी सिस्टर पदर खोचून बाल्कनी धूत. बादलीवर बादली ओतायच्या, फिनाइल टाकायच्या, नारळाच्या खराट्यानं फरशी खरवडायच्या. बिल्डरनं प्रत्येक बाल्कनीला हातभर पाइप बाहेर काढून दिला आहे, त्यातून ते काळं, फेसाळ पाणी खालच्या बाल्कनीत पडतं. खालची बाल्कनी माझी. बायको साडेपाचला कपडे वाळत घालायची आणि सव्वासहाला त्यांच्यावर ठिपके असायचे. माझं काय, मी ऑफिसात फाइलीच्या आड बसतो. पण शनिवारी पांढरा गणवेश घालून शाळेत जाणारी आमची मुलगी एकदा रडकुंडीला आली. "पापा, सब पूछते हैं, तुम्हारे घर में कोयला जलता है क्या," ती म्हणाली. आमची मुलगी मराठी समजते, पण भांडण हिंदीतच करते.

मी वर गेलो. सिस्टरांनी मला चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले, मग ऐकून घेतलं.

"पाणी खालीच जाईन ना, भाऊ. वर कसं जाईन?"

मी सिंचन खात्यात नोकरी करतो. पाणी वरून खाली जातं एवढी एकच गोष्ट मला साऱ्या नोकरीत खात्रीनं कळलेली आहे, त्यामुळे मी मान डोलावली. त्यांनी मला कपाटात ओळीनं मांडलेल्या जॅमच्या बाटल्या दाखवल्या. प्रत्येकीत झाडून काढलेली काळी धूळ होती आणि वर महिन्याच्या नावाची चिठ्ठी होती. मार्चची बाटली काठोकाठ भरली होती. "हे पाहा. हे छातीत ठेवाचं का माणसानं?" त्या म्हणाल्या. मी बाटलीला नमस्कार करून खाली आलो. नंतर मी प्लंबर बोलावला. त्यानं सिस्टरांच्या पाइपाला एक वळण लावलं, आणि पाणी आमची बाल्कनी सोडून थेट वकीलसाहेबांच्या नव्या गाडीच्या टपावर पडू लागलं. माझा खासगी त्रास अशा रीतीनं सार्वजनिक झाला.

सभा पार्किंगमध्ये भरली. सोसायटीचा सेक्रेटरी मीच आहे, कारण ज्या सभेत सेक्रेटरी निवडला त्या सभेला मी गेलो नव्हतो. वकीलसाहेबांनी सिस्टरांच्या, भिलाईला राहणाऱ्या घरमालकाच्या नावानं पत्र लिहूनच आणलं होतं. भाडेकरूला महिन्याच्या आत हलवा, नाहीतर पुढची कारवाई. खाली सेक्रेटरीच्या सहीची जागा मोकळी होती. सिस्टर पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून सगळं ऐकत होत्या. मी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? त्या उठल्या, वकीलसाहेबांजवळ गेल्या, त्यांची खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि म्हणाल्या, "डोळे पिवळे दिसून राहिले. उद्या खून तपासून घ्या." आणि लिफ्टकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि फ्रिजवरून बोट न फिरवताच बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा प्रकरण गंभीर आहे असं वाटलं.

"ही माझी चौथी बिल्डिंग होय, भाऊ," त्या म्हणाल्या. "तीन ठिकाणून असंच झालं. आता इथून निघाली तर पोरगी नागपूरले घेऊन जाईन. चांगली हाये पोरगी, जावईही चांगला हाये. पण तिथं मले सोफ्यावर बसवून ठेवतेत. चाय हातात आणून देतेत. मी का पेशंट होय?"

मला वाईट वाटलं. माझ्या शर्टांवरचे ठिपके विसरून वाईट वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. "मग ते धुणं तेवढं बंद करा ना, सिस्टर," मी म्हणालो.

"काहून बंद करू? कोणाच्या भरवशावर? रिलीव्हर कुठं हाये मले?"

मी ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. कागद प्रलंबित ठेवणं ही एकच कला मला सरकारनं शिकवली आहे, ती मी पंधरवडाभर वापरली. वकीलसाहेब रोज विचारायचे, मी रोज चष्मा शोधायचो. तोडगा काही मला सुचला नाही. तो बायकोला सुचला, आणि तिनं तो मला सांगितलाही नाही. एका सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना ती एक बादली आणि जुन्या टॉवेलचं फडकं घेऊन वर गेली. काय होतंय ते बघायला मी मागून गेलो. दारात उभी राहून ती म्हणाली, "सिस्टर, मी आले. चार्ज द्या."

सिस्टरांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. केस बांधायला लावले, बांगड्या वर सरकवायला लावल्या. मग पंधरा मिनिटं चार्ज दिला. धूळ कुठल्या कोपऱ्यात जास्त साठते, कठड्याच्या खालच्या अंगाला हात कसा घालायचा, एसीच्या डब्यावर काय असतं. बायकोनं रजिस्टरवर सही केली, अर्धी बादली पाणी घेतलं, फडकं पिळून साऱ्या बाल्कनीवरून फिरवलं आणि काळं पाणी मोरीत नेऊन ओतलं. खाली एक थेंब पडला नाही. सिस्टरांचे ओठ दोनदा हलले. चार्ज दिल्यावर दुसऱ्याच्या ड्यूटीत बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता. त्या हात मागे बांधून दारात उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी पांढरा रुमाल फरशीवर घासला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चालते."

त्यानंतर नोटीस बोर्डावर ड्यूटी चार्ट लागला. बायकोचे चार दिवस, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या सुनेचे दोन, आणि रविवार माझा. वकीलसाहेबांनी रक्त तपासून घेतलं, त्यात खरंच काहीतरी निघालं, आणि महिनाभर पथ्याचं खाऊन ते बरे झाले. पत्राबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. कधी कधी पायजमा खोचून माझ्या रविवारी ते मदतीला येत आणि लिफ्टमध्ये आपणहून मनगट पुढे करत. सिस्टरांची सकाळ मात्र आता मोकळी झाली होती. त्यांनी राउंड सुरू केला. सहा वाजल्यापासून घरोघर बेल वाजायची, झोप किती, भूक किती, पोट साफ का. त्रास संपला असं म्हणता येणार नाही. तो सगळ्यांत सारखा वाटला गेला, आणि सोसायट्यांमध्ये त्यालाच तोडगा म्हणतात.

असे तीन उन्हाळे गेले. मग नागपूरच्या लेकीचं ऑपरेशन निघालं. सिस्टरांनी एक बॅग भरली. "पंधरा दिवसांत येते. ड्यूटीवर जाऊन राहिली, राहाले नाही," असं त्यांनी प्रत्येक दारात बजावून सांगितलं. खाली ऑटो उभा होता आणि गाडीची वेळ झाली होती, तरी त्यांनी मला गेटपाशी थांबवून साऱ्या बिल्डिंगचा चार्ज दिला. रजिस्टरचं अख्खं पान भरलेलं होतं. मी घाईत खाली सही ठोकली आणि त्यांना ऑटोत बसवलं. "जल्दी आहू, सिस्टर," चौकीदार म्हणाला, म्हणजे लवकर या.

लेक बरी झाली. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, मग लेकीनं मला फोन केला. आई आता इथेच राहील, या वयात एकटी कशी ठेवायची? ती काही चूक बोलत नव्हती. पुढच्या आठवड्यात भिलाईचे मालक फ्लॅट रिकामा करायला टेम्पो घेऊन आले. धुळीच्या बाटल्या त्यांनी भंगारात देऊ नयेत म्हणून मी त्या माझ्या माळ्यावर ठेवून घेतल्या. संध्याकाळी मी सिस्टरांना फोन केला. "इथंच पोस्टिंग झाली, भाऊ," त्या म्हणाल्या. काम काय करता, असं मी विचारलं. "काही नाही ना. चाय हातात भेटते."

फोन ठेवून मी ते रजिस्टर काढलं आणि सही केलेलं पान पहिल्यांदा नीट वाचलं. पहिला मजला: वकीलसाहेब, तेलकट बंद ठेवावे. दुसरा: आजी, खोकला, वाफ द्यावी. तिसरा: साहेब, चिडतात पण धोका नाही. वहिनी, चांगला हात. सगळ्यात खाली चौथा मजला होता. तिथे त्यांनी त्याच सरळ अक्षरात लिहिलं होतं: सिस्टर. जेवण नीट. झोप नीट. चालती-फिरती आहे. डिस्चार्ज देऊ नये.

त्याखाली माझी सही आहे. चार्ज घेतला, असं लिहून.

वरच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. ती दोघं बाल्कनीत जातच नाहीत, त्यामुळे आमचे कपडे पांढरे राहतात. तरी रविवारी सहाला मला जाग येते. वर जाता येत नाही, म्हणून मी आमचीच बाल्कनी पुसतो, कठड्याच्या खालच्या अंगाला हात घालून, एसीच्या डब्यावरूनसुद्धा. बायको आतून विचारते, झालं का? मी म्हणतो, झालं. पण रिलीव्हर अजून आलेला नाही, त्यामुळे आत जायला मला थोडा उशीर होतो.