बेडकीचं कन्यादान

सांगोल्याकडच्या दुष्काळात आमची मेंढरं गेली आणि माणसं सोलापुरात आली. वडील मिलमध्ये साचा चालवू लागले आणि शुक्रवार पेठेत एका खोलीत आम्ही सातजण राहू लागलो. भाकरी असली तर कालवण नसायचं, कालवण असलं तर भाकरी नसायची. त्या खोलीतून पुण्याला जाऊन मी बी.ए. झालो, हे मी मुद्दाम सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आमच्या वाड्याच्या चौकात माझ्या डिग्रीचं कुणालाच अप्रूप वाटलं नाही. समोरच्या खोलीत माझ्याहून जास्त शिकलेला माणूस आधीपासून राहत होता आणि त्यानं शिक्षणाची पार अब्रू घालवून ठेवली होती. बेडकांना पाणी पुरावं म्हणून स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणारा असा दुसरा माणूस सबंध हिंदुस्थानात निघाला नसता.

हायस्कुलात ते सायन्स शिकवायचे. पेठ त्यांना बेडूकमास्तर म्हणायची आणि ते 'ओ' द्यायचे. एका इवल्या काळ्या अंड्यातून डोळे, पाय, पोट असलेला प्राणी कसा तयार होतो, हा त्यांच्या जन्माचा प्रश्न होता. त्यावरचे त्यांचे दोन निबंध कलकत्त्याच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आले होते आणि त्यांच्या जादा प्रती ते लग्नामुंजीत आहेर म्हणून द्यायचे. शेजारच्या वसूला सासरी जाताना 'बेडूकमाशाचे कल्ले' या विषयावरची इंग्रजी बारा पानं मिळाली. तिच्या सासूनं ती बरेच दिवस देव्हाऱ्यात ठेवली, असं ऐकतो.

गावातल्या साप्ताहिकात ते 'सृष्टिविचार' नावाचं सदर लिहीत. विषय कोणताही द्या, तिसऱ्या ओळीत बेडूक हजर. नगरपालिकेच्या निवडणुकीवर लिहा म्हटलं, तर त्यांनी लिहिलं, "बेडूकमाशाची शेपटी गळून पडत नाही, तो ती आतल्या आत जिरवतो. निवडून आलेल्यांनी विचार करावा." संपादकांनी दुसरं वाक्य कापलं, तर मास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मास्तरीणबाई मात्र समजूतदार. त्या साताऱ्याला माहेरी जाऊन राहिल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "ते मोठे झाले की कळवा."

चौकातल्या दगडी डोणीत मास्तरांची एक लठ्ठ बेडकी होती. तिच्यावर त्यांचं सगळं अडलं होतं. तिसरा, मोठा निबंध बाकी पूर्ण होता. फक्त अंडं घातल्यापासूनच्या पहिल्या काही तासांची चित्रं नव्हती, आणि त्याशिवाय कलकत्ता तो छापायला तयार नव्हतं. पण ओळीनं दोन वर्षं पाऊस नाही. नदीत वाळू, तळ्यात चिखल. पाणी पडल्याशिवाय बेडकी अंडी घालत नाही. मास्तर रोज तिला उचलून पोट बघायचे आणि सुस्कारा सोडून म्हणायचे, "भरलीय हो. पण मनावर घेत नाही. तिकडे जर्मनीत कुणीतरी आधी छापणार आणि माझी दहा वर्षं गेली डोणीत!"

अशात एके दिवशी विणकर आळीच्या नरसम्माकाकू आमच्या आईसकट बायकांचा घोळका घेऊन चौकात आल्या. पावसासाठी बेडकांचं लग्न लावायचं ठरलं होतं. तळ्याच्या गाळातून जोडी काढली होती आणि टोपलीत हिरवा खण पांघरून ठेवली होती. मास्तर खोलीतून तीरासारखे बाहेर आले.

"बेडकामुळे पाऊस येत नाही! पावसामुळे बेडूक येतो! मागच्याच अंकात लिहिलंय मी!"

"आमाला कुटं वाचता येतंय, मास्तर," नरसम्माकाकू म्हणाल्या. "तुमी नुस्तं जोडा बगून सांगा, शोभतोय की न्हाय."

मास्तरांनी नाइलाजानं दोन्ही बेडूक उलटे केले आणि ओरडलेच. "अहो, अंगठ्याला गादी आहे! याला आहे आणि हिलाही आहे! दोन्ही नवरेच आणलेत तुम्ही!"

बायकांत हलकल्लोळ झाला. आई म्हणाली, "तरीच दोन वर्सं पाऊस न्हाय! दर साली आसंच केलं आसंल आपून!"

"मग नवरी तुमी द्या की. ती डोणीतली लई गुटगुटीत हाय," काकूंनी सुचवलं.

"मुळीच नाही. मी विज्ञानाचा..." आणि मास्तर मध्येच थांबले. "पाणी किती ओतता हो तुम्ही?"

"घरटी येक तांब्या."

"वरून? धार धरून?"

"व्हय. आन् काय फेकून मारतोय का!"

मास्तर खाली बसले. पुढं बोलले ते थेट वधूपित्याच्या आवाजात. हळद लावायची नाही, ती कातडीनं श्वास घेते. अक्षता लांबून टाकायच्या. सगळं पाणी डोणीतच पडलं पाहिजे. आणि लग्न झाल्यावर मुलगी सासरी जाणार नाही, जावई घरजावई.

"आडमुठा हाय सोयरा, पण पोरगी चांगली हाय," काकू म्हणाल्या आणि सोयरीक ठरली.

त्या लग्नाला मी हजर होतो. एम.एस्सी. झालेला माणूस, पत्नी माहेरी म्हणून तिच्या जागी कंबरेला सुपारी खोचून, पाटावर बसला होता आणि ओंजळीत बेडकी घेऊन खांद्याला घाम पुसत होता. एका बाजूनं विणकर आळीची तेलुगू गाणी, दुसऱ्या बाजूनं आमच्या मराठी ओव्या. नवरदेव दोनदा मांडवातून पळाला. एकदा माझ्या कोटाच्या खिशात सापडला. मग बायका ओळीनं पुढं आल्या. ज्यांच्या घरात प्यायला हंडाभर नव्हतं, त्यांनीही तांब्या ओतला. मास्तर प्रत्येकीला हात जोडत होते. "सावकाश... अजून थोडं वरून... वा, काकू, वा!"

सकाळी मास्तरांच्या हाकेनं सगळी पेठ जागी झाली. डोणीच्या कडेला बुडबुड्यांच्या फेसासारखी अंडी होती. ते भिंग लावून चित्रं काढत होते आणि एकेकीला बोलावून दाखवत होते. माझी आई भिंगावर वाकली. तिच्या डोळ्यांदेखत एका अंड्यावर मधोमध रेघ उमटली आणि एकाचे दोन भाग झाले.

"आगं बया! सुरीबिगर कापतंय की!"

"हेच," मास्तर म्हणाले, "हेच मला जगाला सांगायचंय." डोळे मात्र त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसले.

त्या आठवड्याच्या सदरात दोनच वाक्यं होती: "पाऊस आला नाही. अंडी आली." सुधारक म्हणाले, मास्तर बिघडला. सनातनी म्हणाले, मुलीचं गोत्र विचारलं नाही म्हणून पाऊस अडला. मास्तर मात्र दारोदार फिरून नावं विचारत होते.

"माजं नाव कशाला?" आई घाबरली. "पोलीस येत्याल!"

"पाणी कुणी घातलं ते लिहावं लागतं, वहिनी. शास्त्राची रीत आहे."

कलकत्त्याहून कळलं, निबंध उत्तम आहे, बायकांची यादी तेवढी गाळावी. मास्तरांनी कळवलं, यादी गाळायची असेल तर निबंधही परत पाठवा. पुढचे कित्येक महिने ते पोस्टमनला बघून खोलीत लपत. दहा वर्षं त्यांनी पुन्हा एकदा पणाला लावली होती, तीही एकेका तांब्यासाठी.

आता मास्तर सोलापुरात नाहीत. बदली होऊन ते कोकणात गेले, जिथं बेडकांना तोटा नाही. तिथं त्यांना करमत नसावं, असं मला उगीचच वाटतं. डोणीत हल्ली शेजारणी गोधड्या भिजवतात.

तो निबंध शेवटी छापून आला, यादीसकट. नियतकालिक आलं त्या दिवशी मी चौकात उभा राहून एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि बायका आपापल्या नावाला लाजत 'व्हय' म्हणत गेल्या. आमच्या घराण्यातलं इंग्रजीत छापलं गेलेलं पहिलं नाव माझ्या आईचं आहे.