आमच्याकूनबी रेकॉर्डिंग हाय

१४ मे. मोसंबीच्या आळ्यांत उसाचं पाचट पसरायचं होतं, टँकरचं पाणी उन्हानं उडून जाऊ नये म्हणून. हात पाचटात होते आणि कान सासूबाईंच्या जुन्या फोनकडे. त्यांना मी आत्या म्हणायचे. हिवाळ्यात त्या गेल्या. उद्या बीडला ग्राहक आयोगात तारीख होती, आणि आमच्या उपयोगाचा एखादा कॉल त्या फोनमध्ये आहे का, हे आजच बघणं भाग होतं.

पंपाच्या कंपनीशी आत्यांसारखं बोलणारं माणूस आमच्या उमापुरात दुसरं नव्हतं. फोन लावला की आधी यंत्राचा आवाज येतो, हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो म्हणून. आत्या त्या आवाजाला जितीजागती बाई समजायच्या. "बरं बाई. आमच्याकूनबी रेकॉर्डिंग हाय," असं तिला सांगायच्या. पुढे खरं माणूस आलं की त्यालाही तेच. निम्मे लोक तिथंच फोन कापायचे.

"आत्या, सांगता कशाला?" मी करवादायचे. "वकील म्हणाले ना, आपलं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. दुसऱ्या दोघांचं चोरून ऐकलं तर गुन्हा. फक्त मूळ फोन जपा म्हणाले."

"कायद्याला चालत आसंल. मला न्हाई चालत. दाराआड हुबं राहून ऐकावं का कुनाचं?"

भांडण विहिरीवरच्या सोलर पंपाचं. वादळानंतर तो बंद पडला. वॉरंटी होती, पण कंपनीचं म्हणणं, तक्रार मुदतीत आलीच नाही. आत्यांनी तर दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. पंप नाही म्हणून पाणी नाही, आणि बाग तर त्यांनी स्वतः कलमं आणून लावलेली.

तक्रारीआधी त्या समोरच्याचं गाव विचारायच्या, जेवण झालं का विचारायच्या. मी खुणा करायचे, मुद्द्याचं बोला. त्या फोनवर हात ठेवून मला दटावायच्या, "आगं, उपाशी मानूस खरं बोलतंय व्हय?"

दुपारी तसा एक कॉल सापडला. कंपनीतल्या एका पोराने स्वतःच्या नंबरवरून केलेला. धर्मापुरीचा होता.

"बाळा, रेकॉर्डिंग चालू हाय बरं."

"आसू द्या, आजी. तुमची तक्रार पहिल्याच दिवशी मी नोंदवली. वरच्यांनी ती बंद करायला लावली. पन माझं नाव कुठं घेऊ नका, नोकरी जाईल."

"न्हाई घेनार. बिनघोर ऱ्हा."

पाचट तिथंच टाकलं. वकिलांनी आत्यांना माझ्यासमोर विचारलं होतं, कंपनीतलं कुणी कबूल झालं का? आत्या सरळ "न्हाई" म्हणाल्या होत्या. बांधाकडची झाडं वाळली तेव्हाही बोलल्या नाहीत. रोज तिथं जाऊन बघून यायच्या, एवढंच. मला त्यांचा भयंकर राग आला.

नवऱ्याला कॉल ऐकवला. तो म्हणाला, "आईनं शब्द दिलाय त्याला."

"आईनं दिला. उरलेली झाडं कुणी जगवायची?"

"मग कर तुला काय करायचं ते," म्हणून तो उठला. मी भाकरी करायला बसले, दोन करपवल्या, उठले, विहिरीपर्यंत जाऊन आले. पुन्हा तो कॉल लावला, पुन्हा बंद केला.

सकाळी निघण्याआधी त्याच नंबरवर फोन लावला. त्याने उचलला. मी कोण ते सांगितलं, तुझं बोलणं आज वकिलांना देणार आहे, तेही सांगितलं.

त्याने विचारलं, "आजींनी सांगितलं का आसं करायला?"

"आजी वारल्या. त्यांनी नव्हतं सांगितलं. मी करतेय."

त्याने फोन ठेवला नाही. मीच ठेवला, आणि बीडची एसटी धरली.