बेगमसाहेबांचा नक्शा

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण पुढं माझा गाढवपणा ऐकून तुम्हाला माझी दयाच येईल!

मी तेलगावचा शिंपी. बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून बीडला आलो. एक खोली भाड्यानं घेतली. बोलायला कोण? तर सुई! "काय गं, आज मोडणार नाहीस ना?" असं रोज तिला विचारायचो. तीही टोचूनच उत्तर द्यायची.

बीडमध्ये एका जहागीरदाराची देवडी, म्हणजे मोठा वाडाच, होती. तिथल्या ओसरीवर पाच-सहा कारागीर दिवसभर चेष्टामस्करी करत भरतकाम करायचे. मला त्या ओसरीवर जागा हवी होती. मजुरीचं सोडा हो, माणसांत बसायला मिळालं असतं!

एक दिवस देवडीतून बोलावणं आलं. पडद्याआडून जहागीरदाराच्या बेगमसाहेबा म्हणाल्या, "बीड शहर देख के नक्शे निकालो, कपडे पे टांक के लाव. पसंद आए तो यहीं बैठना."

नक्शे म्हणजे वेलबुट्टीचे नमुने, हे मला कुठलं ठाऊक? तेलगावात नकाशा एकच, पटवाऱ्याचा! मी मान डोलावली आणि निघालो शहर मोजायला.

गल्लीगल्लीत पावलं मोजली, खिडक्या मोजल्या, कापडावर खडूनं रेघा मारल्या, रात्री त्यावर टाके घातले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोदाकाकूंनी हटकलं.

"कावून मोजायलात वो आमचं दार?"

"नकाशा काढायलोय, काकू."

"आगं बाई! सरकारी हाय का?"

मी 'न्हाई' म्हणणारच होतो, पण तोवर काकूंनी गूळपाणी पुढं केलं. माझ्यासाठी कुणी पाणी आणलं त्याला किती वर्षं झाली होती! मी पीत राहिलो आणि त्या पाण्याबरोबर 'न्हाई'सुद्धा गिळलं.

झालं! संध्याकाळपर्यंत बातमी पसरली: रस्ता रुंद होणार, शिंप्याच्या वेशात सरकारी माणूस फिरतोय! मग काय विचारता? "या सायेब, बसा सायेब!" कुणी ताक दिलं, कुणी भाकरी. पानवाले रहीमचाचा तर हातच जोडायला लागले.

"साब, मेरी दुकान इत्ती छोटी, उसकू कायकू गिराते?"

"न्हाई पाडत, जावा!" मी बेधडक अभय दिलं. जणू शहर माझ्या बापाचं!

महिन्याभरानं चादरीएवढं बीड खांद्यावर टाकून देवडीत गेलो. पडद्याआडून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज आला.

"अगे मां! मैं बेलबूटे बोली थी, कमान के, जाली के. ये तो पूरा शहर उठा के लाया!"

ओसरीवरचे कारागीर पोट धरून लोळले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हसू ओसरल्यावर बेगमसाहेबांनी विचारलं, "इसमें तुम्हारा घर कौनसा?"

मी शोधलं. पुन्हा शोधलं. गोदाकाकूंचा उंबरा होता, चाचांचं दुकान होतं, दुकानाखाली झोपलेलं कुत्रंसुद्धा होतं. माझंच घर नव्हतं!

यावेळी कुणी हसलं नाही. "घर टांक के लाव," त्या हळूच म्हणाल्या. "कल से यहीं बैठो."

परत निघालो तर माझी फजिती माझ्याआधी गल्लीत पोचलेली. गोदाकाकूंनी दार लावून घेतलं. चाचांनी मान फिरवली.

माझ्या घरासमोर आलो. पावलं मोजली, खिडकी मोजली, दार कापडावर काढलं. आणि महिन्याभराच्या सवयीनं "या सायेब, बसा" ऐकायला दारात उभा राहिलो.

बराच वेळ उभा होतो हो! मग लक्षात आलं, कडी बाहेरून होती आणि ती मीच लावली होती.