सहा सालांची पिकअप

आमच्या मामाला सगळं गाव वायसर म्हणतं. नटाखाली बसते ना ती पातळ चकती, ती वायसर. कुठे काही खडखडलं की मामाचा सल्ला ठरलेला, "एक वायसर टाका, बसेल." खुर्ची डुगडुगली, वायसर. दाराची कडी वाजली, वायसर. एकदा एका नवरा-बायकोचं भांडण मिटवायला लोकांनी त्याला पुढे केलं, तर तिथेही म्हणाला, "दोघांच्या मधे काहीतरी पातळ पाहिजे. सासूला आणून ठेवा." ती सासू चांगली ऐंशी किलोची होती. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

मामा फिटर. बोल्टावरून नुसतं बोट फिरवून माप सांगणार. पण एक गोष्ट परक्या माणसाला सांगितली तर पटत नाही. मामाला गाडी चालवता येत नाही. तरुणपणी एकदा शिकायला बसला आणि शेजाऱ्याच्या न्हाणीची भिंत पाडून थांबला. आत शेजारी होता, अंगाला साबण लावलेला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मामाने विचारलं, "पाणी तापलंय का?" त्या दिवसापासून स्टिअरिंगवर मामी बसली. नटबोल्ट मामाचे, रस्ता मामीचा, अशी वाटणी झाली आणि तीस वर्षं टिकली.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. धंदा लोकांची घरं हलवायचा. घर बदलायचं म्हटलं की मामीला निरोप. कपाटं, पलंग, गाद्यांच्या वळकट्या, कुंड्या, पिंजऱ्यासकट पोपट, आणि वर शेवटी एखादी म्हातारी, खुर्चीत बसून, खुर्ची दोरीने बांधलेली. मामी गाडी अशी चालवायची की काचेची बरणीसुद्धा कूस बदलायची नाही. कोणाच्या घरात काय आहे हे तिला पाठ होतं. रस्त्याने जाताना सांगायची, "या घरातल्या आरशाला खालच्या कोपऱ्यात तडा आहे. आपण नाही पाडला, आधीचाच आहे." आरसा कोणाचा हे ती विसरेल, तडा नाही विसरणार.

मग तिचा गुडघा गेला. डावा, क्लचचा. डॉक्टरांनी नवीन बसवला, ऑपरेशन उत्तम झालं, पण मामी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. व्यायाम शिकवायला एक बाई यायची, तिला मामीने पंधरा दिवसांत पळवून लावलं. "पाय वर, पाय खाली. मी काय बदक आहे?" अशी अडीच वर्षं गेली. गाडी शेडमध्ये, मामी खिडकीत. खिडकीतून शेड दिसायची, म्हणून मामीने पडदा लावून घेतला.

त्या पडद्यावरून मामाला कळलं, की आता हातपाय हलवले पाहिजेत. एक दिवस शेडचं दार उघडून त्याने गाडीखाली सतरंजी टाकली. त्यातच सरकारी पत्र आलं. गाडी अमुक तारखेपर्यंत तपासणीत पास झाली नाही, तर तिचा नंबर रद्द, रवानगी भंगारात. मामा मला म्हणाला, "गाडीचं काय, लोखंड आहे. पण ती गेली की ही खिडकीतून उठायची नाही. मग मी जेवायला कोणाशी भांडत बसू?"

इतक्या जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत. कंपनीलाच तिची आठवण राहिलेली नाही. पण तसल्या पिकअप आपल्याकडे एके काळी मोप होत्या, आणि त्यांची मढी कुठे कुठे पडलीत हे मामाला माहीत होतं. बॉनेट आणलं पिठाच्या गिरणीवाल्याकडून, आमच्या गाडीपेक्षा दोन सालांनी थोरलं. डावं दार बर्फवाल्याच्या गाडीचं, तीन सालांनी धाकटं. मागचं फळकं रद्दीवाल्याचं. मागचा आस आणि चाकं तंबू-खुर्च्या भाड्याने देणाऱ्याची. प्रत्येक सालात कंपनीने काहीतरी इकडचं तिकडे केलेलं. भोकं जुळायची नाहीत. मामा कानशीने घासायचा, पट्टी जोडायचा, नवीन भोक पाडायचा, आणि राहिलेल्या फटीत वायसर टाकायचा. बर्फवाल्याच्या दाराची काच खाली करायची तर हँडल उलटं फिरवावं लागायचं. मामा म्हणाला, "चालतंय की. माणसंही काही उलटी फिरवावी लागतातच."

दीड वर्ष हे चाललं. महिन्या दोन महिन्यांनी मी गेलो की मामीचा पडदा जरा जरा सरकलेला दिसायचा. एकदा ती आपणहून बोलली, "ते दार बर्फवाल्याचं ना?"

"कशावरून?"

"हँडलखाली पोचा आहे. आम्ही दोघं फाटकातून एकदमच आत शिरायला गेलो होतो. चूक त्याची होती." मग म्हणाली, "अर्धी माझी."

मग रोजचं झालं. भाग आला की मामा तो आधी खिडकीपाशी उभा धरायचा आणि मामी ओळखायची. गिरणीवाल्याच्या बॉनेटच्या पन्हळीत अजून पीठ होतं, पावसाने खळ होऊन वाळलेलं. रद्दीवाल्याचं फळकं बघून ती हसली. तो एकदा फळकं लावायला विसरला होता आणि अख्ख्या रस्त्याला वर्तमानपत्रं वाटत गेला होता. सकाळच्या बातम्या, सहा महिने शिळ्या. आता त्यातली निम्मी माणसं नाहीत. गाड्या तर एकही नाही. जे काही उरलं, ते सगळं आमच्या शेडमध्ये एकत्र येऊन बसलेलं.

शेवटी राहिली गिअरची पेटी. आमच्या पेटीचे दात पार झिजलेले. जुळणारी कुठे मिळेना. अखेर दूधवाल्याच्या गाडीची मिळाली, सगळ्यात अलीकडच्या सालची, पाच गिअरची. आमची चारची. मामाने जुनी पेटी बदल्यात देऊन टाकली, मधे जाड पट्टी जोडून नवी बसवली, मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे लोण्यासारखे पडले. मग त्याने एक प्रेमाचं काम केलं. गिअरच्या दांड्यावरची दूधवाल्याची मूठ काढली आणि मामीची जुनी मूठ बसवली. तीस वर्षं तिच्या तळव्याने घासून घासून त्या मुठीवरचे आकडे कधीच पुसले गेले होते. नुसता काळा, गुळगुळीत गोटा. मला दाखवून म्हणाला, "बघ, तिचा हात ओळखेल."

हात ओळखेल, हे खरंच होतं. घोळ तिथेच झाला.

तपासणीच्या दिवशी मामी कुरकुरत उठली. कागद तिच्या नावावर, लायसन तिचं. चालवायची ती केंद्राच्या आवारात, वीस पावलं. रस्त्याने गाडी माझ्या जीपला दोरीने बांधून नेली. मामी स्टिअरिंगला, मामा शेजारी. मी आरशात बघत होतो. पहिल्या वळणापर्यंत मामी आखडून बसलेली. दुसऱ्या वळणाला तिने कोपर खिडकीवर टेकवलं. आपली मामी दिसायला लागली.

केंद्रात तपासनीस साहेब मूळचे शांत. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, म्हणाले, "मॉडेल कोणत्या सालचं?"

मामा म्हणाला, "कुठल्या बाजूने मोजू?"

"म्हणजे?"

"पुढून बघितलं तर थोरलं, मागून बघितलं तर धाकटं. सांगाडा आणि इंजिन मात्र कागदावरच्याच सालचं आहे."

मामी आतून म्हणाली, "साहेब, माझाही डावा गुडघा चार वर्षांपूर्वीचा आहे. बाकी मी जुनीच."

साहेब हसले. सांगाड्याचा नंबर कागदाशी ताडून पाहिला आणि पुढे जाऊन उभे राहिले. "घ्या, सावकाश पुढे घ्या."

मामीने किल्ली फिरवली. इंजिनाने एक ढेकर दिली आणि लागलं. क्लच दाबताना मामीचं तोंड वाकडं झालं, पण दाबला. हात मुठीवर गेला. डावीकडे टेकवून वर, पहिला. तीस वर्षांचा पहिला. आणि गाडी सुसाट मागे गेली.

मागे साहेबांची प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिची भाकरी झाली. गाडी टायरांच्या भिंतीला धडकून बंद पडली.

कोणाला लागलं नाही. साहेब म्हणाले, "असू द्या आजी, पंधरा दिवसांनी परत या." पण मामी उतरली ती रडवेली. किल्ली मामाच्या हातावर ठेवली. "डोकं गेलं माझं. पुढचं मागचं कळेना. विका ती." आणि माझ्या जीपमध्ये येऊन बसली.

मी मामाकडे पाहिलं. तो दांड्याकडे बघत होता. माणूस स्वतःचाच पाय कुऱ्हाडीखाली आलेला बघतो तसा.

दूधवाल्याच्या पेटीत डावीकडे टेकवून वर रिव्हर्स होता. मामाला ते माहीत होतं. ठोकळ्यांवर चाकं उलटी फिरताना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण गिअर पेटीत असतो, हीच त्याची समजूत. तो हातात असतो, हे गाडी चालवणारालाच माहीत. न्हाणीच्या त्या भिंतीनंतर मामा चालत्या गाडीत त्या बाजूला बसलाच नव्हता. मूठ जुनी बसवली, तिच्यावर आकडे नव्हते, आणि चार शब्द सांगायचे राहिले.

घरी मामीने पडदा ओढून घेतला. मामा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत जावं की नाही, अशा विचारात. गप्प बसला असता तर गोष्ट म्हातारपणावर खपून गेली असती. पण मग मामी कायमची खुर्चीत.

"अगं," तो म्हणाला. "तुझं डोकं जागेवर आहे."

"कळलं. पाणी द्या."

"हात बरोबर पडला तुझा. गिअर जागेवर नव्हता. या पेटीत तिथे रिव्हर्स आहे. मी सांगितलं नाही."

मामीने हातातला पडदा सोडला. "म्हणजे मी चुकले नाही?"

"नाही."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं, पण ध्यानात नव्हतं."

पुढचा अर्धा तास मामी जे बोलली त्यातलं निम्मं लिहिण्याजोगं नाही. न्हाणीची भिंत निघाली. मामाची आई निघाली. पडक्या भिंतीतून उघडा पडलेला शेजारी पुन्हा निघाला. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. तुम्ही तर आपल्या हाताने अंगण वाकडं केलंत आणि मला नाचायला उभं केलंत." मामा मान खाली घालून ऐकत होता, आणि चार वर्षांत इतका सुखी मी त्याला पाहिला नव्हता.

जुनी पेटी तोवर भंगारात वितळून गेलेली. हात बदलायला पंधरा दिवस. तिसऱ्या दिवशी मामाने एक लाकडी खोकं केलं. वर पत्र्यात खाचा कापल्या, नव्या पेटीच्या हुबेहूब. खाली स्प्रिंग लावलेलं पेडल, क्लचइतकंच जड. मामीची ती मूठ काढून खोक्याच्या दांड्यावर बसवली आणि खोकं खिडकीतल्या खुर्चीला चिकटवून ठेवलं.

"क्लच दाबल्याशिवाय दांडा हलत नाही," त्याने सांगितलं. "आत खटका बसवलाय."

"फसवायचं काम नाही म्हणा."

मामी दिवसभर बसल्या जागी गाडी चालवायची. डावा पाय दाबून, दांडा मधे, वर. पहिला. खाली, दुसरा. दहा वेळा चुकायची, मामाला एक शिवी, पुन्हा पहिल्यापासून. वाटाणे सोलता सोलता तिसरा, फोनवर बहिणीशी बोलता बोलता चौथा. व्यायामवाली बाई पंधरा दिवसांत जे करवून घेऊ शकली नाही, ते त्या खोक्याने आठवड्यात केलं. दहाव्या दिवशी मी गेलो तर खुर्ची रिकामी. मामी शेडमध्ये गाडीत बसलेली, आणि मामा खाली उभा राहून विचारत होता, "रिव्हर्स कुठाय?"

"तुमच्या डोक्यात," मामी म्हणाली. पण हात बरोबर गेला.

पंधराव्या दिवशी साहेबांनी नवी खुर्ची आणली होती. आम्ही दिसताच त्यांनी ती आधी गाडीच्या मागून पुढे घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून ऑफिसात नेऊन ठेवली. मामीने किल्ली फिरवली. क्लच. दांडा मधे, वर. गाडी पुढे आली, ब्रेकच्या पट्ट्यावर चढली, थांबली, दिवे लागले, दिवे विझले. साहेबांनी शिक्का मारला आणि कागद मामाच्या हातात दिला.

मामीने कागदासाठी थांबायचं होतं. ती थांबली नाही. आम्हाला दोघांना तिथेच ठेवून ती फाटकातून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली. बर्फवाल्याचं दार तेवढं उन्हात चमकून गेलं.

"मामा, चल, मागे जाऊ," मी म्हणालो.

"थांब." त्याने बोट वर केलं. कान रस्त्याकडे. "दुसरा... तिसरा टाकला. जरा लवकर टाकला." आवाज चढ चढून लांब गेला. "चौथा."

आमची गाडी इथवरच जायची. तीस वर्षं चौथ्याच्या पुढे काही नव्हतं. मामाचं बोट अजून वरच होतं. इंजिन बराच वेळ एका सुरात ओरडत राहिलं. मग एकदम खाली आलं, मऊ झालं.

"पाचवा," मामा म्हणाला आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.