फुगडीकाकीचे गुडघे

अडुसष्टाव्या वर्षी फुगडीकाकी उकिडवी बसून बसफुगडी घालायची. बसूनच उड्या, एक पाय पुढे, एक मागे, आणि तोंडाने 'फू, फू' असा ठेका. समोरची पोरगी धापा टाकत बाजूला व्हायची. काकी पदर खोचून विचारायची, "आता कोण?"

आमची चाळ मुलुंडला. सगळी कोकणातली माणसं. काकीचं नाव मालिनी, पण ते फक्त रेशनकार्डावर होतं. भाजी आणायला ती नाहूरपर्यंत चालत जाई. मुलुंडला काय भाजी मिळत नव्हती? पण म्हणायची, "गुडघे वापरले नाय तर गंजतत गो."

दुपारी चार वाजले की ती चाळीच्या अंगणात येऊन टाळी वाजवी. दोन-चार जणी जमायच्या. मी तेव्हा पंचावन्नची, अंगाने जड, साखरेचा आजार लागलेला. मी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची. तांदूळ नुसतं निमित्त. काकी हात धरून ओढायची. "ऊठ गो म्हशी! बसान बसान मुळां फुटतली तुका."

मी शिव्या घालत उठायची. तिचा नवरा पायरीवर बसून थाळीवर ताल धरायचा. तो हसून म्हणायचा, "हिका काय सांगू नको. माका पण नाचवल्यान असतां." त्या चार-पाच वर्षांत माझी साखर आटोक्यात राहिली. औषध तेच होतं, तेव्हा श्रेय कुणाचं ते मला माहीत आहे.

चैत्रात तिचा नवरा गेला. महिना झाल्यावर काकी पुन्हा चार वाजता अंगणात आली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. टाळी वाजवली. एकीला दूध तापवायचं आठवलं, दुसरीला पोर रडल्याचं ऐकू आलं. अंगण रिकामं झालं. मी उंबऱ्यावर होते. काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "माझो घोव गेलो, गुडघे नाय गेले." मी उठले, दोन गिरक्या घेतल्या. पण मनापासून नाही. तिला ते हातातच कळलं असणार. फुगडीत समोरचीचा हात खोटं बोलत नाही.

त्याच वर्षी माझ्या घरी नवी सून आली, घाटकोपरची. तिची पहिली गौर, आणि हिला फुगडी येत नव्हती. चाळीत नाक कापलं जाईल म्हणून मी तिला श्रावणभर काकीकडे पाठवली. काकीने दार लोटून आपल्या खोलीत तिला शिकवलं. पाय कसा टाकायचा, हात कुठे सैल सोडायचा. सून घरी येऊन खुशीत सांगायची, "आई, काकी माझ्यापेक्षा जास्त उडतात!"

गौरीच्या दिवशी सकाळी मी घावन-घाटल्याचं ताट घेऊन काकीकडे गेले. तिने नवं लुगडं काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "काकी, आज दगदग करू नको. पाय दुखत असतील. आराम कर."

नव्या सुनेचा हात पहिल्याच गौरीला विधवेने धरू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. श्रावणभर तोच हात धरून ती शिकवत होती, ते मला चाललं होतं.

काकीने ताट घेतलं. म्हणाली, "कोनाचे पाय दुखतत गो?" मी पदर सावरत घरी निघाले.

संध्याकाळी सून झकास खेळली. बसफुगडी घातली तेव्हा बायका बघत राहिल्या. मधेच ठेका चुकला, आणि भिंतीपलीकडून काकीच्या खोलीतून 'फू, फू' ऐकू आलं. सुनेने तो ठेका पकडला. मग थांबून म्हणाली, "आई, काकींना बोलवा ना."

मी म्हटलं, "गप खेळ."

पलीकडचा ठेकाही बंद झाला. भिंत पातळ होती.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता टाळी वाजली नाही. काकी खाटेवर पडून असायची. भाजी दारावरच्या भाजीवाल्याकडून घ्यायला लागली. दिवाळीनंतर काकीचा मुलगा तिला बोरिवलीला घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर. मी एकदा गेले. ती खिडकीशी खुर्चीत होती, पाय सुजलेले. मी दोन्ही हात पुढे करून म्हटलं, "ऊठ, काकी."

सवयीने तिचे हात फुली करून माझ्या हातात आले. पण ती उठली नाही. म्हणाली, "आता मुळां फुटली गो माका." शिमग्याआधी ती गेली.

पुढे माझे यजमानही गेले. त्या वर्षी गौरीला मी आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसले होते. सून आली आणि म्हणाली, "आई, चला." मी गेले. गुडघे कुरकुरले, पण दोन फुगड्या घातल्या. कुणी काही बोललं नाही.

'चला' एवढंच म्हणायचं होतं. काकीच्या वेळी ते मी म्हणायला हवं होतं.